एक वेडा पीर : ब्राउन विलिस

काही ग्रंथ वाचण्यासाठी नसतात, पाहण्यासाठी असतात. पंचांग, शब्दकोश, रेल्वेचे वेळापत्रक ही त्यांतली नेहमीची उदाहरणे. गरज पडली की आपण हवे ते पान उघडतो, हवा तो आकडा टिपून घेतो आणि पुस्तक जागच्या जागी ठेवून देतो. ते कोणी रचले, त्यासाठी कोणी डोळे फोडून घेतले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र हा प्रश्न नेहमी छळतो. म्हणून या लेखात मी अशाच एका पुस्तकाविषयी आणि त्यासाठी आयुष्यभर झिजलेल्या एका माणसाविषयी लिहिणार आहे.

पुस्तकाचे नाव लॅटिन आहे : ‘थिसॉरस रेरम इक्लिझिॲस्टिकॅरम’, म्हणजे चर्चविषयक बाबींचा खजिना. इंग्लंड आणि वेल्समधील प्रत्येक पॅरिशचे उत्पन्न किती, त्यावर सरकारी देणे किती, तेथील चर्च कोणत्या संताच्या नावाचे आणि तेथे धर्मगुरू नेमण्याचा हक्क कोणाचा, एवढीच माहिती त्यात पानोपानी भरलेली आहे. हे पुस्तक मूळ रचले जॉन एक्टन या कारकुनी पेशाच्या गृहस्थाने. परंतु त्याची १७५४ ची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली ती ब्राउन विलिसने. अठराव्या शतकातील इंग्रज पुराणवस्तुसंशोधकांमध्ये विलिसचे नाव सर्वतोमुखी होते. मात्र त्या प्रसिद्धीत आदराइतकाच थट्टेचाही वाटा होता.

विलिसचा जन्म १४ सप्टेंबर १६८२ रोजी डॉर्सेट परगण्यातील ब्लँडफर्ड सेंट मेरी येथे झाला. त्याचे आजोबा डॉ. टॉमस विलिस हे सतराव्या शतकातील नामांकित वैद्य. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जे कडे असते त्याला आजही वैद्यकाचे विद्यार्थी ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणतात, ते याच आजोबांच्या नावावरून. आजोबांनी वैद्यकीत अमाप पैसा मिळवला आणि त्यातून बकिंगहॅमशायरमध्ये ब्लेचली व फेनी स्ट्रॅटफर्ड या बाजूला मोठी जमीन खरेदी केली. पण या वैद्यबुवांना धर्माचीही तितकीच ओढ होती. दिवसभर राबणाऱ्या गरीब माणसांना प्रार्थनेला येता यावे म्हणून लंडनमध्ये पहाटे आणि सायंकाळी उशिरा प्रार्थना म्हणणाऱ्या एका धर्मगुरूची त्यांनी स्वखर्चाने सोय केली होती. नातवाने आजोबांना पाहिलेही नव्हते. ते १६७५ मध्येच वारले होते. तरी आजोबांची इस्टेट आणि आजोबांची ही ओढ, दोन्ही नातवाकडे आली असे म्हणावे लागते.

ब्राउनचे शालेय शिक्षण वेस्टमिन्स्टर शाळेत झाले. शाळेच्या शेजारीच वेस्टमिन्स्टर ॲबी. इंग्लंडचे राजे-राण्या, कवी, सरदार तेथे चिरनिद्रा घेत आहेत आणि त्यांच्यातच टॉमस विलिसही आहेत. सुटीच्या वेळी हा मुलगा त्या दगडी थडग्यांमधून हिंडे आणि त्यांवरील झिजलेले लेख वाचीत बसे. जुन्या गोष्टींचे जे वेड पुढे त्याला आयुष्यभर पुरले, ते येथे लागले. १६९९ च्या अखेरीस वडील गेले आणि पाठोपाठ काही आठवड्यांत आईही गेली. सतराव्या वर्षी तो पोरका झाला आणि त्याच वेळी मोठ्या जमीनजुमल्याचा धनीही झाला. पुढे तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गेला, पण पदवी न घेताच १७०४ मध्ये बाहेर पडला. त्यानंतरची काही वर्षे त्याने विल्यम वॉटन या व्यासंगी धर्मगुरूपाशी राहून अभ्यासात घालवली.

१७०५ मध्ये बकिंगहॅमचा प्रतिनिधी म्हणून तो पार्लमेंटात गेला आणि १७०८ पर्यंत तेथे होता. १७०७ मध्ये कॉर्नवॉलमधील पोर्ट एलियटच्या घराण्यातील कॅथरीन एलियटशी त्याचे लग्न झाले आणि तिच्याबरोबर ८,००० पौंड घरात आले. ब्लेचलीला त्याने ‘वॉटर हॉल’ नावाचा वाडा बांधला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम जेथे चालले ती सुप्रसिद्ध ब्लेचली पार्कची जागा पूर्वी याच वाड्याच्या आवारात मोडत असे. वाडा १७९३ नंतर पाडला गेला. पैसा, पत, पार्लमेंटातील जागा, चांगल्या घराण्यातील पत्नी. सुखवस्तू जमीनदाराला आणखी काय हवे असते? परंतु विलिसचे मन यांपैकी कशातच रमले नाही. ते रमले पडक्या चर्चांत आणि जुन्या दप्तरांत.

त्याचे काम नीट समजण्यासाठी त्या काळच्या चर्चची अर्थव्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूला दोन मार्गांनी उत्पन्न मिळे : चर्चच्या मालकीच्या जमिनीतून आणि शेतकऱ्यांनी द्यावयाच्या पिकाच्या दशांशातून. या उत्पन्नावर दोन कर होते. नव्या धर्मगुरूने आपले पहिल्या वर्षाचे उत्पन्न ‘प्रथमफळ’ म्हणून द्यायचे, आणि पुढे दरसाल उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा. पूर्वी हा पैसा रोमला पोपकडे जात असे. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले आणि १५३४ च्या कायद्याने हा कर राजाच्या तिजोरीकडे वळवला. मग कोणाकडून किती यायचे हे ठरवण्यासाठी १५३५ मध्ये साऱ्या देशातील चर्चच्या उत्पन्नाची मोजदाद झाली. ती नोंद ‘व्हॅलर इक्लिझिॲस्टिकस’ या नावाने ओळखली जाते.

ही मोजदाद नुसती कागदावर राहिली नाही. कोणत्या मठाकडे किती संपत्ती आहे हे त्यातून राजाला बारकाईने कळले, आणि १५३६ ते १५४० या काळात देशातील सगळे मठ बंद करून त्यांची मालमत्ता जप्त झाली. अनेक पॅरिशांचा दशांश पूर्वीपासूनच या मठांकडे जात होता. मठ गेले, पण तो दशांश पॅरिशकडे परत आला नाही. राजाने तो सरदार-सावकारांना दिला किंवा विकला. परिणाम असा झाला की धान्याचा मोठा दशांश गावच्या जमीनदाराच्या कोठारात जाऊ लागला आणि धर्मगुरूच्या वाट्याला किरकोळ गोष्टींचा लहान दशांश उरला. इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंच्या दारिद्र्याचे एक मोठे कारण हे आहे.

पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे हा कर राजाकडे जात राहिला. १७०४ मध्ये ॲन राणीने हा पैसा चर्चला परत देण्याचे ठरवले. गरीब धर्मगुरूंचे उत्पन्न वाढवण्यासाठी एक निधी स्थापन झाला. त्याला ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ म्हणतात. वर्षाला ५० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या धर्मगुरूंना पुढे या कराची माफी मिळाली. अशी ठिकाणे किती निघाली असतील? पाच हजारांहून अधिक! निधीत वर्षाला साधारण सोळा-सतरा हजार पौंड येत. अतिशय गरीब पॅरिशांमधून चिठ्ठ्या टाकून नाव काढायचे आणि त्या पॅरिशसाठी २०० पौंडांची जमीन घेऊन द्यायची, अशी रीत होती. एखाद्या दात्याने स्वतःचे २०० पौंड पुढे केले तर निधी तेवढीच भर घालून त्या पॅरिशला चिठ्ठीशिवाय मदत करी.

आता पाहा, अशा कारभाराला यादी लागते. कोणते पॅरिश गरीब, कोणाला कर माफ, कोणाकडून येणे आहे, हे कळणार कसे? जॉन एक्टन हा याच प्रथमफळांच्या कचेरीत नोकरीला होता. त्याने १७११ मध्ये ‘लिबर व्हॅलोरम एत डेसिमॅरम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि कचेरीतल्या वह्यांत दडलेले आकडे कोणालाही पाहता येतील असे छापून टाकले. एक्टन १७३० मध्ये वारला. त्याचा ‘थिसॉरस’ हा वाढवलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७४२ मध्ये बाहेर पडला.

या ग्रंथातील सर्वांत नाजूक रकाना नेमणुकीच्या हक्काचा होय. इंग्लंडमध्ये पॅरिशचा धर्मगुरू बिशपच नेमतो असे नव्हते. ज्याच्या पूर्वजांनी चर्च बांधले किंवा ज्याने पुढे तो हक्क विकत घेतला, त्याला धर्मगुरूचे नाव सुचवता येई. राजा, बिशप, कॉलेजे, सरदार, साधे जमीनदार, असे नाना प्रकारचे हक्कदार होते. हा हक्क जमिनीसारखा वारसाने जाई आणि विकताही येई. हक्कदाराने जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत नाव दिले नाही तर तो हक्क बिशपकडे, मग आर्चबिशपकडे आणि शेवटी राजाकडे जाई. एवढ्या गुंतागुंतीत कोणाचा हक्क कोठे आहे हे छापील स्वरूपात समोर असणे किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको. एका नोंदीत चूक झाली तर कोर्टात खटला उभा राहायचा!

विलिसला या व्यवहाराचा अनुभव घरबसल्या मिळाला होता. ब्लेचलीच्या चर्चचा हक्कदार तो स्वतःच होता. १७१६ मध्ये त्याने ऑक्सफर्डमधील आपले गुरू एडवर्ड वेल्स यांना तेथे नेमले. शिष्याने गुरूला दिलेली ही दक्षिणाच होती. पण गुरुशिष्यांचे पुढे बिनसले. गुरुजी व्यासपीठावरून प्रवचनात आपल्या यजमानाचे वाभाडे काढू लागले, आणि यजमानाने त्या प्रवचनांना उत्तर देणारी पुस्तिका छापली! एकदा नेमलेल्या धर्मगुरूला काढण्याचा अधिकार मात्र हक्कदाराला नव्हता. वेल्स १७२७ मध्ये मृत्यू पावेपर्यंत त्या जागेवर होते. यादीतील एका ओळीमागे माणसांचे केवढे रागलोभ असतात, हे विलिसइतके कोणाला ठाऊक असणार?

स्वतःच्या संशोधनात तो वाचनालयात बसून राहणारा नव्हता. इंग्लंड-वेल्समधील कार्लाइल सोडून प्रत्येक कॅथीड्रल त्याने स्वतः जाऊन पाहिले, असे सांगतात. वेल्समधील चार कॅथीड्रलांवर त्याने पुस्तके काढली : सेंट डेव्हिड्स १७१७ मध्ये, लँडॅफ १७१९ मध्ये, सेंट असाफ १७२० मध्ये आणि बँगर १७२१ मध्ये. पहिल्या दोन पुस्तकांच्या कामी त्याचा जुना गुरू वॉटन उपयोगी पडला. वॉटन कर्जबाजारी होऊन १७१४ मध्ये वेल्समध्ये जाऊन राहिला होता. तेथून तो माहिती जमवून पाठवी. १७१८-१९ मध्ये विलिसने हेन्रीने बंद केलेल्या मोठ्या मठांचा इतिहास लिहिला. १७२७ ते १७३० या काळात इंग्लंडमधील कॅथीड्रलांचे मोठे सर्वेक्षण छापले. पार्लमेंटातील प्रतिनिधींच्या याद्या त्याने ‘नोटिशिया पार्लमेंटारिया’ या ग्रंथाच्या तीन भागांत दिल्या. लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजच्या आरंभीच्या सभासदांत त्याचे नाव आहे.

१७३३ मध्ये त्याने ‘पॅरोकिएल अँग्लिकॅनम’ काढले. एकेका धर्मप्रांतातील चर्चे कोणत्या संताला वाहिलेली आहेत याची ती यादी आहे. वरवर पाहता हे काम क्षुल्लक वाटते. पण धर्मसुधारणेनंतर कित्येक गावांना आपल्या चर्चच्या संताचे नावच आठवत नव्हते. विलिस जुनी मृत्युपत्रे चाळी, गावची जत्रा कोणत्या तारखेला भरते याची चौकशी करी, आणि त्या तारखेवरून संत शोधून काढी. लोक नाव विसरले तरी जत्रेचा दिवस विसरत नाहीत, हे त्याने ओळखले होते. मला स्वतःला त्याच्या सगळ्या कामात ही युक्ती सर्वांत आवडते. दप्तरात नसलेली गोष्ट लोकांच्या सवयीत सापडते, हा धडा आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी गिरवण्यासारखा आहे.

एक्टनच्या ग्रंथाची १७५४ ची आवृत्ती हाती आली तेव्हा विलिस बहात्तरीत होता. उभ्या आयुष्यात जमवलेली संतांची नावे, हक्कदारांची माहिती आणि दुरुस्त्या त्याने तिच्यात ओतल्या. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मुख्य नाव एक्टनचेच राहिले. दुसऱ्याच्या पुस्तकात आपली पुंजी घालायची आणि आपण दुय्यम राहायचे, याला मन मोठे लागते.

पैशाच्या बाबतीतही त्याचे हेच वागणे. तारुण्यातच आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने ब्लेचलीच्या चर्चचा जीर्णोद्धार केला. फेनी स्ट्रॅटफर्डला चर्चच उरले नव्हते. तेथे त्याने १७२४ मध्ये पायाभरणी केली आणि १७३० मध्ये ते पूर्ण झाले. स्वतःचा पैसा अपुरा पडला तेव्हा दारोदार वर्गणी मागितली आणि देणगीदारांची मानचिन्हे छतावर रंगवून दिली. हे चर्च त्याने संत मार्टिनला वाहिले. आजोबा लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये राहत आणि संत मार्टिनच्या दिवशीच, ११ नोव्हेंबरला, ते वारले होते. ओसाड पडलेले बो ब्रिकहिलचे चर्च त्याच्या खटपटीने १७५६ च्या सुमारास पुन्हा वापरात आले. सगळीकडे मात्र यश आले नाही. बकिंगहॅमच्या चर्चचा पडलेला कळस पुन्हा उभा राहावा म्हणून त्याने पुष्कळ धडपड केली, ती वाया गेली. १७७६ मध्ये तो मनोराच कोसळला.

या सगळ्यात इस्टेट झिजत गेली. पत्नी कॅथरीन १७२४ मध्येच, ऐन चौतिशीत वारली होती आणि मागे पोरांचे लेंढार होते. बाप चर्चांवर पैसा उधळत असताना त्या घरात काय बोलले जात असेल? त्याची नोंद कोणत्याही रकान्यात नाही, पण माझ्या मते विलिसचे मूल्यमापन करताना हा प्रश्न टाळता येत नाही. स्वतःवर मात्र तो कवडी खर्च करीत नसे. १७०५ मध्ये पार्लमेंटात निवडून आल्यावर शिवलेला निळा झगा तो म्हातारपणीही वापरीत होता. बुटांवर ठिगळांवर ठिगळे चढली होती. लग्नातली घोडागाडी काळी पडली होती आणि तिच्यावरच्या पितळी मानचिन्हांमुळे ती प्रेतयात्रेच्या गाडीसारखी दिसे. अनोळखी लोक त्याला भिकारी समजत. अक्षर तर इतके वाईट की मित्रांनाही लागत नसे. शहरातली विद्वान मंडळी त्याच्यावर विनोद करीत.

तरीही तो द्यायचा थांबला नाही. आपला नाण्यांचा संग्रह त्याने १७४१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला. सोन्याची नाणी फुकट देणे त्याला परवडणारे नव्हते, म्हणून तेवढ्यापुरता विद्यापीठाने वजनाप्रमाणे मोबदला दिला. विद्यापीठाने १७४९ मध्ये त्याला कायद्याची सन्मान्य डॉक्टरेट दिली. ब्लेचलीच्या जागेवर १७५३ मध्ये त्याने विल्यम कोल या आपल्यासारख्याच जुन्या कागदांच्या वेड्याला नेमले. विलिसच्या लहरींचे आणि पेहरावाचे जे चित्र आपल्यापुढे आहे ते बरेचसे या कोलने लिहून ठेवल्यामुळे. कोलने त्याची थट्टा केली, पण यजमानाची इच्छाही पाळली : पुढे त्याने ती जागा आपण होऊन विलिसच्या नातवासाठी सोडली.

५ फेब्रुवारी १७६० रोजी व्हॅडन हॉल येथे विलिस वारला. त्याला पुरले ते फेनी स्ट्रॅटफर्डच्या त्याच्याच चर्चमध्ये. हस्तलिखितांचे शंभराहून अधिक खंड ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाकडे गेले. त्याच्या चर्चच्या नावाने ‘फेनी पॉपर्स’ या सहा छोट्या तोफा दरवर्षी ११ नोव्हेंबरला उडवल्या जातात, आणि ती प्रथा आजही चालू आहे. जत्रेच्या दिवसावरून संत हुडकणाऱ्या माणसाने आपल्या गावाला असा एक दिवस दिला, हे मोठे समर्पक झाले.

पुस्तकाची कहाणी त्यानंतरही चालू राहिली. १७६३ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. १७८६ मध्ये त्याच कचेरीतील जॉन बेकनने ‘लिबर रेजिस’ हा भव्य ग्रंथ काढला. त्याचा पाया एक्टन आणि विलिस यांनीच घातला होता. १५३५ च्या मोजदादीवर आधारलेला तो कर अखेर १९२६ च्या कायद्याने संपला आणि राणीचा निधी १९४८ मध्ये ‘चर्च कमिशनर्स’ या संस्थेत विलीन झाला. आज तो कर कोणी भरत नाही. पण एखाद्या खेड्यातल्या चर्चचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला या जुन्या याद्या उघडाव्याच लागतात.

हेन्री राजाची मोजदाद आणि विलिसची मोजदाद या दोहोंत रकाने जवळजवळ तेच आहेत. एकाने मोजले ते घेण्यासाठी. दुसऱ्याने मोजले ते राखण्यासाठी. आकडेवारीला स्वतःचा धर्म नसतो, ती ज्याच्या हाती जाते त्याचा धर्म तिला येतो, असे मला वाटते. विलिसचा संसार त्याच्या वेडापायी झिजला, हे मी नाकारीत नाही, आणि त्याचे अनुकरण करा असेही कोणाला सांगणार नाही. पण पुढच्या वेळी वाचनालयात एखादी जाडजूड, रूक्ष सूची हाताळताना तिच्या पहिल्या पानावरचे नाव वाचण्याइतकी सवड आपण अवश्य काढावी. त्या नावामागे ठिगळांचे बूट घातलेला एखादा विलिस उभा असण्याचा पुष्कळ संभव आहे.